आपली गोष्ट समाजमाध्यमांवर सांगताना: आधी वाचक, मग मजकूर

ओसरी (धागाकर्ती)

आजारपण, घटस्फोट, सुटलेली नोकरी, बदललेलं नाव, सोडलेलं व्यसन. अशा गोष्टी लोक आता सर्रास फेसबुक-इन्स्टाग्रामवर लिहितात. लिहावं की लिहू नये हा वाद इथे नको, तो सगळीकडे घालून झालाय. लिहायचं ठरलंच असेल तर कसं लिहावं, कुठे बिघडतं आणि लिहिलेलं नंतर लिहिणाऱ्यालाच कसं घडवतं, एवढ्यावर बोलू. एक विनंती: स्वतःची कहाणी नको, पद्धत सांगा.

माझं म्हणणं आधी मांडते. फसलेल्या बहुतेक पोस्टींची भाषा वाईट नसते, त्यांचा वाचक ठरलेला नसतो. २०११ साली अ‍ॅलिस मार्विक आणि डॅना बॉइड यांनी ट्विटर वापरणाऱ्यांचा अभ्यास केला आणि नेमकी हीच अडचण मांडली. प्रत्यक्षात आपण मित्रांशी एक बोलतो, साहेबांशी दुसरं आणि मावशीशी तिसरंच. समाजमाध्यमावर ही सगळी मंडळी एकाच वेळी समोर बसलेली असतात. मग लिहिणारा दोनपैकी एक काहीतरी करतो. कोणालाच खुपणार नाही असं गुळमुळीत लिहितो, नाहीतर डोळ्यांसमोर एकच जिवलग धरून सुसाट लिहितो आणि बाकीचे दोनशे लोकही वाचताहेत हे विसरतो.

म्हणून मजकुराच्या आधी हे वाक्य कागदावर पुरं करा: 'हे वाचून अमक्याला तमकं कळावं.' अमक्याच्या जागी तीन वेगवेगळी माणसं येत असतील तर त्या तीन पोस्टी आहेत, एक नाही. त्याखाली दुसरी ओळ: 'हे अमक्याने वाचू नये.' इथे खरंखुरं नाव लिहा. ते नाव तुमच्या मित्रयादीत असेल तर आधी सेटिंग, मग मजकूर. उलट्या क्रमाने केलं की सेटिंग हमखास राहून जातं.

पहिला खर्डा कोणालाही न दाखवण्यासाठी लिहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ चा प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना आणखी उदास वाटलं. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. आता यातला जाहीर न करण्याचा भाग बघा. त्या लेखनाला लाइक नव्हते, प्रतिक्रिया नव्हत्या. मन मोकळं करण्याचा फायदा हवा असेल तर तो प्रकाशित न करताही मिळतो. पोस्ट हे त्यानंतरचं, वेगळं काम आहे.

हा खर्डा अ‍ॅपच्या चौकटीत लिहू नका. एक तर बोट चुकून 'पोस्ट'वर पडतं. दुसरं, इन्स्टाग्रामचे मसुदे फोनमध्येच राहतात, अ‍ॅप काढून टाकलं की तेही गेले. साधी नोट किंवा वही बरी.

---

शंकासूर

वाचक बघून लिहायचं म्हणजे मुखवटाच झाला की! खरं सांगायचं तर सगळ्यांना सारखंच सांगावं. नाहीतर 'मनातलं' या शब्दाला अर्थ काय उरला?

---

त्रयस्थ

@शंकासूर, अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकातच मांडलं होतं की माणूस रोजच्या व्यवहारात प्रेक्षक बघूनच वागतो. रंगमंचावर एक, विंगेत दुसरं. त्यात लबाडी असलीच पाहिजे असं नाही. डॉक्टर रुग्णाशी आणि लेकीशी वेगळ्या आवाजात बोलते, म्हणून दोन्हीपैकी एक आवाज खोटा ठरत नाही.

पण गॉफमनची उपमा समाजमाध्यमाला पूर्ण लागू पडत नाही, हे बर्नी होगन यांनी २०१० मध्ये दाखवलं. नाटकाचा प्रयोग संपतो, प्रेक्षक घरी जातात. पोस्ट मात्र प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूसारखी तिथेच राहते. तुम्ही हजर नसताना लोक येऊन बघतात, आणि कोणाला काय आधी दिसावं हे अल्गोरिदम ठरवतो. म्हणून 'आज मला काय वाटतं' हे लिहिताना दिनांक आणि काळ मजकुरातच असू द्या. 'सध्या', 'आता', 'गेल्या आठवड्यात' असे शब्द दोन वर्षांनी वाचणाऱ्याला दिशाभूल करतात. 'मार्च २०२४ मध्ये, निदान होऊन तीन आठवडे झाले असताना' असं लिहिलं की ती त्या वेळची तुम्ही, हे स्पष्ट राहतं.

आता लिहिलेलं लिहिणाऱ्याला कसं घडवतं त्याबद्दल. टोरी हिगिन्स आणि विल्यम ऱ्होल्स यांचा १९७८ चा एक प्रयोग आहे. एका व्यक्तीचं वर्णन वाचायला देऊन ते तिसऱ्याला सांगायला लावलं. ऐकणाऱ्याला ती व्यक्ती आवडते असं कळलं की सांगणारे चांगल्या बाजूने सांगत, आवडत नाही म्हटलं की वाईट बाजूने. इथवर नवल काही नाही. पण नंतर मूळ वर्णन आठवायला सांगितलं तेव्हा सांगणाऱ्यांची स्वतःची आठवणही त्यांनी सांगितलेल्या बाजूला झुकलेली होती.

२००८ मध्ये एमी गोन्झालेस आणि जेफ हॅनकॉक यांनी हेच स्वतःबद्दलच्या लिखाणावर तपासलं. काहींना 'मी बोलका आहे' अशा थाटात उत्तरं लिहायला सांगितली, काहींना 'मी अबोल आहे' अशा. निम्म्यांनी ती साध्या खाजगी फाइलीत लिहिली, निम्म्यांनी कोणीही वाचू शकेल अशा ब्लॉगवर. नंतर स्वतःला जोखताना ब्लॉगवाले आपण लिहिलेल्या भूमिकेकडे सरकले. चारचौघांत जे रूप मांडलं, ते अंगी लागलं.

याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, की जे रूप आपल्याला चिकटलेलं चालणार नाही ते जाहीर करू नका, भले ते आज खरं असो. 'मी कायमची मोडले आहे' आणि 'या महिन्यात मला काही सुचत नाही' या दोन वाक्यांत वेदना तेवढीच आहे. पहिलं वाक्य मात्र ओळख बनतं. 'मी अशी आहे' च्या जागी 'मी असं केलं', 'तेव्हा असं झालं' लिहून बघा.

दुसरा धोका शेवटाचा. डॅन मॅकअ‍ॅडम्स माणसं आपली जीवनकथा कशी रचतात याचा अभ्यास करतात. त्यांनी दोन घाट नेहमी दाखवलेत: वाईटातून चांगलं निघालं हा एक, आणि चांगलं होतं ते नासलं हा दुसरा. समाजमाध्यमांना पहिला फार आवडतो. पडलो, उठलो, शिकलो, तुम्हीही शिका. त्यामुळे लोक दुखणं चालू असतानाच त्याला 'धडा' चिकटवतात. मग दुखणं उलटलं की त्या माणसाला स्वतःच्याच पोस्टची लाज वाटते आणि तो गप्प होतो. शेवट झालेला नसेल तर पोस्ट शेवटाशिवाय संपवा. 'पुढचा अहवाल १४ तारखेला आहे' हे उत्तम शेवटचं वाक्य आहे.

---

कानामात्रा

मापांबद्दल लिहितो, कारण मराठीत लिहिणाऱ्यांचा इथे नेहमी घोळ होतो.

इन्स्टाग्रामच्या मथळ्याला (फोटोखालच्या मजकुराला, कॅप्शनला) २,२०० चिन्हांची मर्यादा आहे आणि बायोला १५०. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) साध्या खात्याला २८०. पण चिन्ह म्हणजे आपलं अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्ताची खूण हे प्रत्येक स्वतंत्र मोजलं जातं. 'स्त्री' डोळ्यांना एक अक्षर दिसतं, मोजणीत सहा चिन्हं. 'स्वातंत्र्य' तीन अक्षरी, मोजणीत अकरा. हिशेबाला सोपं म्हणून धरा: २,२०० चिन्हांत साडेतीनशेच्या आसपास मराठी शब्द बसतात, २८० मध्ये पंचेचाळीसच्या आसपास.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फीडमध्ये मथळ्याचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो, साधारण १२५ चिन्हं. पुढचं 'आणखी' दाबल्यावर. आता ही नेहमीची सुरुवात मोजा:

'नमस्कार मित्रांनो, आज मी तुमच्याशी एक अत्यंत वैयक्तिक गोष्ट शेअर करणार आहे, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं'

११२ चिन्हं संपली आणि वाचकाला काहीच कळलेलं नाही. त्याच जागेत घटना बसते: 'बढतीचं पत्र मिळालं त्याच दुपारी मी राजीनामा दिला. कारण कोणालाच सांगितलं नव्हतं.' प्रस्तावना शेवटी लिहायची आणि मग खोडायची, एवढं केलं तरी निम्मी पोस्ट सुधारते.

मोठी गोष्ट असेल तर चित्रमालिका करा. ऑगस्ट २०२४ पासून एका पोस्टमध्ये २० चौकटी चालतात, आधी १० होत्या. म्हणून २० भरायच्या असं नाही. एका चौकटीत २५ ते ३५ शब्द, त्याहून जास्त घातले की जोडाक्षरं फोनवर वाचवत नाहीत. ओळींमधलं अंतर इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आणि चित्रातल्या मजकुराला पर्यायी मजकूर जरूर द्या. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना त्याशिवाय तुमची गोष्ट म्हणजे नुसतं 'फोटो'.

---

शंकासूर

@त्रयस्थ, 'अंगी लागतं' हे पटलं. मग उलटा उपयोग का करू नये? धीट व्हायचं असेल तर धीटपणे लिहावं.

---

त्रयस्थ

करतात की. व्यसन सोडताना, व्यायाम सुरू करताना लोक जाहीर करतात ते त्यासाठीच. फक्त जे आधीच केलंय तेच जाहीर करा, जे करणार आहात ते नको. 'आज नववा दिवस' टिकतं. 'आता आयुष्यात कधीच नाही' हे एका घसरणीत मोडतं, आणि तेही सगळ्यांदेखत.

---

निनावी७

नाव न सांगता लिहिणाऱ्यांसाठी. खोटं नाव घेतलं की झालं असं लोकांना वाटतं. माणूस बहुधा तपशिलांच्या जोडणीतून ओळखला जातो, नावाची गरज पडत नाही. लतान्या स्वीनी यांनी २००० साली अमेरिकेच्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं की पिनकोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली ८७ टक्के माणसं एकमेव ठरू शकतात. पोस्टमध्ये तर आपण व्यवसाय, भावंडांची संख्या, आजाराचं नाव, कार्यक्रमाची तारीख सगळं ओततो.

खर्डा झाला की प्रत्येक ठोस तपशिलाखाली रेघ मारा. मग विचारा, याशिवाय गोष्ट उभी राहते का? राहत असेल तर काढा. राहत नसेल तर तो ठेवा आणि शेजारचा ढोबळ करा. आजाराचं नाव हवंच असेल तर वय 'तिशीत' करा आणि व्यवसाय गाळा. तपशील खोटे घालण्यापेक्षा ढोबळ करणं बरं, कारण खोटं पुढच्या पोस्टमध्ये लक्षात राहत नाही आणि वाचक नेमकं तेच पकडतात.

खात्याची बाजू:

नवीन ईमेल, आणि नेहमीचा फोन नंबर शक्यतो जोडू नका. नंबर जोडला की ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे त्यांना 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून तुमचं निनावी खातं सुचवलं जाऊ शकतं. बहुतेक निनावी खाती इथेच उघडी पडतात. अ‍ॅपने संपर्कयादी मागितली तर नकार द्या, आधी दिली असेल तर सेटिंगमध्ये जाऊन संपर्क जोडणी बंद करा. इन्स्टाग्रामच्या संगणकावरच्या आवृत्तीत, प्रोफाइल संपादनात, तुमचं खातं इतरांना सुचवावं का याचा पर्याय असतो. तो बंद करा. पहिल्या दिवशी घरच्यांना किंवा मैत्रिणींना फॉलो करू नका.

फोटो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या फोटोतून जागेची दडलेली माहिती काढलेली असते. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती तशीच जाते. शिवाय खिडकीतून दिसणारी पाटी, गणवेश, चष्म्यातलं प्रतिबिंब यांना कोणतंही सॉफ्टवेअर पुसत नाही.

संवादांचे स्क्रीनशॉट टाकताना नावावर फोनच्या हायलायटरने काळं फासू नका. ते पेन अर्धपारदर्शक असतं, चार वेळा फिरवलं तरी उजेड वाढवल्यावर खालची अक्षरं वर येतात. भरीव काळा चौकोन टाका, मग त्या चित्राचा नव्याने स्क्रीनशॉट घ्या आणि तोच वापरा. नुसतं कापण्यावरही विसंबू नका. मार्च २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या 'मार्कअप' या चित्र कापण्याच्या साधनातला दोष उघड झाला होता. त्याने कापलेल्या चित्राच्या फाइलीत कापून टाकलेला भाग काही अंशी शिल्लक राहायचा आणि परत मिळवता यायचा. तो दोष दुरुस्त झाला, पण आधी पाठवलेली चित्रं जिथे गेली तिथे तशीच आहेत.

---

ओसरी

उत्तम प्रतिसाद. एक मुद्दा अजून आलेला नाही: आपल्या गोष्टीत येणारी बाकीची माणसं. त्यांनी लिहायचं ठरवलेलं नाही.

माझी चाचणी अशी. वाक्याचा कर्ता बघा. वाक्य माझ्याबद्दल असेल तर ते माझं. कर्ता दुसरा असेल आणि क्रियापद त्याच्या शरीराबद्दल, पैशाबद्दल, चुकीबद्दल असेल तर ते वाक्य त्याचं, आणि त्याला विचारायला हवं. एक काल्पनिक नमुना घेऊ. वडिलांच्या विस्मरणाच्या आजाराबद्दल मुलगी लिहितेय:

'बाबा मला ओळखेनासे झाले. रात्री उठून बाहेर जायचे, कपडे खराब करायचे, आईवर हात उगारायचे.'

यातला एकही तपशील मुलीचा नाही. आता हे बघा:

'ज्या वर्षी बाबांनी मला माझंच नाव दोनदा विचारलं, त्या वर्षी मी दाराला वरची कडी लावून घेतली आणि तिच्या आवाजाने जागं व्हायला शिकले.'

आजार कळला, रात्रीचं फिरणं कळलं, मुलीचं दमणं कळलं. वडिलांची अब्रू शाबूत राहिली. आईचा उल्लेखच नाही, कारण मार खाल्ल्याचं जाहीर करणं हा तिचा निर्णय आहे.

विचारायचं कसं? 'मी तुझ्याबद्दल लिहू का?' असं विचारू नये, भिडेखातर माणूस हो म्हणतो. पूर्ण मजकूर दाखवा, कोणाला दिसणार ते सांगा, उत्तराला दोन दिवस द्या. 'हे एक वाक्य नको' म्हणाले तर ते काढा, त्यावर वकिली नको. लहान मुलांच्या बाबतीत होकाराला अर्थ नसतो, म्हणून त्यांचा आजार, मार्क, शिक्षा, अंघोळीचे फोटो सरळ वर्ज्य. पुढे त्यांनाही स्वतःची ओळख स्वतः लिहायची आहे, ती आधीच कोणीतरी भरून ठेवलेली नसावी.

आणि टॅग करू नका. फेसबुकवर 'फक्त मित्र' असलेल्या पोस्टमध्ये कोणाला टॅग केलं की, वेगळी सेटिंग नसेल तर, त्या माणसाचे मित्रही वाचकांत येतात. वाचक ठरवण्याची सगळी मेहनत वाया.

---

हळदकुंकू_नको

मुलांबद्दलच्या मुद्द्याला +१. आणि मेलेल्या माणसांबद्दलही हाच नियम लावा. त्यांची भावंडं जिवंत असतात.

---

पडद्यामागे

लिहिण्यापेक्षा बोलून सांगणाऱ्यांसाठी. याची एक जुनी, घासून तयार झालेली पद्धत आहे. जो लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सामान्य लोकांना स्वतःच्या गोष्टींच्या छोट्या चित्रफिती करायला शिकवणारं केंद्र काढलं. पुढे २००१ पासून वेल्समध्ये बीबीसीने तशाच कार्यशाळा घेतल्या, त्यामागे डॅनियल मेडोज हे छायाचित्रकार होते. तिथलं माप अजून कामाला येतं: सुमारे २५० शब्दांची संहिता, डझनभर स्थिरचित्रं, दोन मिनिटं, आणि आवाज स्वतःचा.

मराठीत २५० शब्द सावकाश वाचले तर सव्वादोन-अडीच मिनिटं जातात, कारण आपले शब्द प्रत्ययांनी लांबतात. दोन मिनिटांतच बसवायचं असेल तर २२० वर थांबा.

क्रम असा. आधी गोष्ट तीन-चार जणांसमोर तोंडी सांगा आणि त्यांना एकच विचारा: कुठे कान टवकारले? संहिता त्या जागेपासून सुरू करा. मग आवाज रेकॉर्ड करा, चित्रं नंतर. चित्रं आधी निवडली की मजकूर त्यांचं वर्णन करत बसतो. 'ही मी, हा आमचा वाडा.' फोटोत जे दिसतं ते आवाजात बोलायचं नाही. रेकॉर्डिंगला पंखा बंद, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड, फोन तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' चे फुस्कारे माइकवर येत नाहीत. वाचल्यासारखं वाटत असेल तर कागद उलटा ठेवून एकेक परिच्छेद सांगून टाका.

पार्श्वसंगीत शक्यतो नको. करुण बासरी वाजली की प्रेक्षकाला काय वाटावं हे तुम्ही ठरवून टाकलंत. आणि उपशीर्षकं हाताने तपासा. आपोआप येणाऱ्या मराठी उपशीर्षकांत आडनावं आणि औषधांची नावं हमखास चुकतात.

---

शंकासूर

आता ज्यांनी दहा-बारा वर्षांत वाटेल ते लिहून ठेवलंय त्यांनी काय करायचं? ती जुनी माणसंही आपणच ना?

---

मोजपट्टी

जुनं आवरण्याचा क्रम. घाईघाईने डिलीट करत सुटू नका.

पहिलं काम, प्रत काढणं. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीत आपली माहिती उतरवून घ्यायचा पर्याय आहे. स्वरूप विचारतं तेव्हा एचटीएमएल निवडा. जेसन निवडलं तर त्या फाइलीत देवनागरी मजकूर विचित्र सांकेतिक चिन्हांत येतो आणि प्रोग्रॅमिंग येत नसेल तर वाचता येत नाही. चित्रांचा दर्जा 'उच्च' करा. तयार झालेला दुवा काही दिवसच चालतो, म्हणून सूचना आली की लगेच उतरवा.

मग वाचा आणि तीन ढीग करा. राहू दे, मला एकटीला दिसू दे, जाऊ दे. मधला ढीग मोठा असावा. फेसबुकवर 'अ‍ॅक्टिव्हिटी लॉग'मधून वर्षानुसार गाळून एकदम अनेक पोस्टी निवडता येतात आणि संग्रहात किंवा कचऱ्यात टाकता येतात. कचऱ्यातलं ३० दिवसांनी जातं. इन्स्टाग्रामवर पोस्ट संग्रहात टाकली की लोकांना दिसत नाही, पण लाइक-प्रतिक्रियांसह जपून राहते आणि परत आणता येते.

फेसबुकच्या 'जुन्या पोस्टींचे वाचक मर्यादित करा' या बटणाबद्दल इशारा. सगळं सार्वजनिक लेखन एका फटक्यात 'मित्र'वर येतं, पण उलट फिरवायला एकत्रित बटण नाही. नंतर एखादी सार्वजनिक करायची तर एकेक करून. शिवाय टॅग केलेल्यांना त्या पोस्टी दिसत राहू शकतात.

दुरुस्ती करताना: फेसबुक पोस्ट बदलली की बदलांचा इतिहास वाचकाला उघडून बघता येतो. म्हणजे चुकून लिहिलेलं नाव संपादन करून जात नाही, इतिहासात राहतं. नाव काढायचं असेल तर पोस्ट काढून नव्याने टाकावी लागते. इन्स्टाग्रामवर मथळा बदलल्याचं कळतं, जुना मजकूर दिसत नाही.

पूर्ण खातं काढायचं असेल तर फेसबुकवर ३० दिवसांच्या आत परत लॉगिन केलं की विनंती रद्द करता येते. त्यानंतर सर्व्हरवरून सगळं जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तुम्ही दुसऱ्याला पाठवलेले निरोप त्याच्याकडे राहतात. शोधयंत्रांत आलेलं आणि वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं साठवून ठेवणारं संकेतस्थळ) साठलेलं वेगळंच, तिथे वेगळी विनंती करावी लागते.

@शंकासूर, 'ती जुनी माणसंही आपणच' याला एक मधला उपाय आहे. पोस्ट काढू नका, वर तारखेसह एक ओळ घाला: '२०२५: आता माझं मत असं नाही.' मत बदललं असेल तर हे पुरेसं आहे. दुसऱ्याला इजा झाली असेल तर पुरेसं नाही, तिथे काढाच.

---

ओसरी

राहिलं प्रकाशित केल्यानंतरचं. कठीण गोष्ट रात्री उशिरा टाकू नये. लोक उलटसुलट लिहितात तेव्हा तुम्ही झोपलेले असता, किंवा त्याहून वाईट, झोपलेले नसता. पुढचे दोन-तीन तास मोकळे असतील अशी वेळ निवडा. पहिली प्रतिक्रिया स्वतःची असू द्या: 'सल्ला नको आहे', 'ओळखीच्या कोणाचं नाव इथे घेऊ नका', जे काही असेल ते. पहिले चार-पाच प्रतिसाद ज्या सुराचे येतात तोच सूर पुढे चालतो, त्यामुळे विश्वासातल्या दोघींना आधीच सांगून ठेवण्यात काही गैर नाही.

इन्स्टाग्रामवर त्रास देणाऱ्याला ब्लॉक करण्याऐवजी आधी 'रिस्ट्रिक्ट' करून बघा. त्याची प्रतिक्रिया त्यालाच दिसते, तुम्ही मान्य केल्याशिवाय इतरांना नाही, आणि त्याला काही कळतही नाही. ब्लॉक केलं की तो दुसऱ्या खात्यावरून 'मला ब्लॉक केलं' ही स्वतःची गोष्ट सांगायला लागतो.

---

निनावी७

त्याला जोडून: इन्स्टाग्रामच्या 'लपवलेले शब्द' या सेटिंगमध्ये स्वतःची यादी देता येते, त्यातले शब्द असलेल्या प्रतिक्रिया लपतात. मराठी शिवी तिथे देवनागरीत घालून भागत नाही, कारण निम्मे लोक रोमन लिपीत टंकतात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. एकेका शब्दाची देवनागरी, रोमन, एक स्वर गाळलेली रोमन आणि मधे तारांकन घातलेली अशी चार तरी रूपं घाला. यादीत आपलं खरं आडनाव आणि कामाच्या ठिकाणाचं नावही टाका. निनावी खात्यावर कोणी ओळखीचा येऊन 'अगं, तूच ना ती?' असं नाव घेऊन विचारतो, तेव्हा ती प्रतिक्रिया बाकीच्यांच्या नजरेला पडायच्या आधी लपलेली असते.

---

कानामात्रा

आडनाव घालताना पहिल्या-दुसऱ्या वेलांटीची दोन्ही रूपं घाला. लोक शुद्धलेखन बघून लिहीत नाहीत.